मागच्या सीटचा बोल्ट

गॅसवर दूध होतं आणि त्यावर नजर ठेवायचं काम वूफरकाकांकडे होतं. म्हणजे दूध उतू जाणार, हे काकूंनी धरूनच ठेवलं होतं. काका अर्ध्या गालाला फेस लावून आरशासमोर उभे होते आणि काकू गॅलरीत ओले टॉवेल झटकता झटकता ओरडत होत्या, "अहो, दूध!"

"बघतोय."

"आरशातून?"

तेवढ्यात दार वाजलं. बेल नाही, दारच. दुनियेच्या गाड्यांत आवाज भरणाऱ्या माणसाच्या घरची बेल गेली दोन वर्षं मुकी होती आणि 'या रविवारी बघतो' हे काकांचं उत्तरही तितकंच जुनं होतं.

काकूंनी दार उघडलं. चाळिशीची एक बाई उभी होती. कपडे ऑफिसला निघाल्यासारखे, खांद्याला पर्स, पण डोळ्यांखाली दोन-तीन दिवसांची न झालेली झोप.

"गाड्यांना वूफर बसवतात ते इथेच राहतात ना? दुकान उघडलं नव्हतं. शेजारच्या टायरवाल्यांनी घर दाखवलं."

"हो, या ना. बसा दोन मिनिटं, त्यांचा एक गाल राहिलाय," काकू म्हणाल्या.

बाई हसली नाही. बसलीही नाही. तिने पर्समधून गाठ मारलेला रुमाल काढला, जेवणाच्या टेबलावर ठेवला आणि हळूच सोडला. आत अंगठ्याएवढा जाड एक बोल्ट होता. बोल्टात तांब्याची एक गोल कडी अडकलेली, दाबून दाबून वाकडी झालेली. कडीला वीतभर काळी वायर, वायरीच्या तोंडाशी लाल नळी आणि नळीवर पिवळ्या टेपचे बरोब्बर दोन वेढे.

काका टॉवेलने गाल पुसत बाहेर आले आणि टेबलापाशी येऊन थबकले. बोल्ट कुणाचाही असू शकतो, वायर कुणाचीही असू शकते. पण लाल नळीवर पिवळ्या टेपचे दोन वेढे अख्ख्या गावात एकच माणूस घालत होता. गरज नसताना घालत होता. काम सुबक दिसावं म्हणून.

"ही तुमची वायर आहे?" बाईने विचारलं.

"हो," काका म्हणाले. नाही म्हणायचं त्यांच्या मनातही आलं नाही.

मग ती सांगत गेली. गाडी तिच्या भावाची. तीन वर्षांपूर्वी त्याने हौसेने वूफर बसवून घेतला होता. गेल्या आठवड्यात तो आईला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेत होता. आई मागे बसली होती, पट्टा लावून. पट्टा लावल्याशिवाय ती गाडी सुरूच करू द्यायची नाही. समोरून एकाने अचानक गाडी वळवली. धडक काही फार मोठी नव्हती, भावाच्या अंगावर ओरखडासुद्धा नाही. पण आई पट्ट्यासकट पुढे फेकली गेली. खुबा मोडला, खांदा निखळला, दोन दात गेले. गाडी दुरुस्त करणाऱ्याने मागची सीट उचलली तेव्हा हा बोल्ट खाली सतरंजीवर लोळत होता.

"तो म्हणाला, बोल्ट तुटला नाहीये. सैल होऊन नुसता दोन आट्यांवर लटकत होता. म्हणाला, पट्टा धरून ठेवणाऱ्या या बोल्टाखाली दुसरं काही घालायचंच नसतं."

"तांबं मऊ असतं," काका स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले. "दबत जातं. खाली केसभर जागा सुटते. मग…"

मग वर वूफर धडधडत राहतो. रोज. हे पुढचं त्यांच्या तोंडून बाहेर पडलं नाही. ज्या धडधडीवर त्यांचं घर चाललं होतं तीच तो बोल्ट एकेका आट्याने सोडवत बसली होती, हे त्यांना त्या क्षणी कळलं.

आतून दूध जळल्याचा वास आला. काकू गॅस बंद करून परत आल्या.

"ताई, मी…" काकांनी सुरुवात केली.

"मी भांडायला आले नाही. भांडून आईचा खुबा सांधला जाणार असता तर भांडले असते." बाईने रुमालाला परत गाठ मारली. "दादा म्हणतो, चूक त्या समोरच्याची, सोडून दे. पण मला एकच विचारायचं होतं. असे आणखी किती आहेत?"

काकूंनी विचारलं, "आई आता कशा आहेत?"

"पडून आहे. मला ओळखते, बोलते. उठवायला गेलं की ओरडते," बाई म्हणाली आणि चपला घालून जिना उतरून गेली.

किती आहेत, याचा हिशेब काकांनी नऊ वर्षांत कधी केला नव्हता.

विशीत ते रेडिओ दुरुस्त करायच्या दुकानात वायरींना कथलाचा डाग द्यायला शिकले. रेडिओ गेले, टेप गेले, मग त्यांनी गाड्या धरल्या. टायरवाल्याच्या शेजारी पत्र्याचा एक गाळा, समोर एक गाडी मावेल एवढी फरशी, एवढाच पसारा. पण हात देवाने दिलेला. बॅटरीपासून जाड लाल वायर काढायची, तिला तिथल्या तिथे फ्यूज घालायचा, इंजिनामागच्या भिंतीला कंपनीनेच ठेवलेल्या रबरी बुचातून ती आत घ्यायची आणि पायपुसण्याखालून डिकीत न्यायची. आवाजाची बारीक वायर दुसऱ्या अंगाने न्यायची, नाहीतर इंजिनाची शिटी वूफरमध्ये उतरते. हे सगळं काका झोपेत केल्यासारखं करायचे. पाय सीटच्या डोक्यावर, डोकं ब्रेकपाशी, तोंडात टेपचा तुकडा आणि त्यातूनच गिऱ्हाइकाशी गप्पा.

राहायची फक्त काळी वायर, अर्थिंगची. ती गाडीच्या कोऱ्या पत्र्याला घट्ट लागायला हवी. त्यासाठी रंग खरवडायचा आणि ड्रिलने भोक पाडायचं, सगळे हेच करतात. नऊ वर्षांपूर्वी एक नवराबायको नवी कोरी गाडी घेऊन आले होते. काकांनी ड्रिल हातात घेतल्याबरोबर त्या बाईने असा चेहरा केला जणू काका तिच्या बाळाचे कान टोचायला निघालेत. काकांनी ड्रिल खाली ठेवलं. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. मागच्या सीटखाली पट्ट्याचा बोल्ट दिसला. जाडजूड, थेट पत्र्यात गेलेला, आयता. तो सोडवून त्यांनी खाली तांब्याची कडी सरकवली आणि पुन्हा आवळला. अर्थिंग असं लागलं की आवाज काचेसारखा स्वच्छ.

पुढच्याच महिन्यात गाळ्यावर नवी पाटी लागली : 'गाडीला एकही भोक न पाडता वूफर बसवून मिळेल.' त्या पाटीने काकांना वूफरकाका केलं. लोक लांबून लांबून येऊ लागले. टायरवाला चिडवायचा, "तुझं बरंय बाबा, तुझ्याकडे भोक नाही म्हणून येतात. माझ्याकडे भोक पडल्याशिवाय कोण फिरकतं?"

त्या सकाळी काका गाळ्यावर गेले तेव्हा आदल्या दिवशीची एक गाडी फरशीवर उभी होती. वायरिंग झालं होतं, वूफरचा खोका बसवायचा राहिला होता. त्यांनी मागची सीट उचलली. पिवळे दोन वेढे चकचकत होते. पाना लावून बघितला, बोल्ट हलेना. क्षणभर त्यांच्या जिवात जीव आला. मग मनात आलं, तीन वर्षांपूर्वी त्या गाडीचाही हलत नव्हता.

त्यांनी बोल्ट सोडवला, कडी काढली, बोल्ट एकटाच परत बसवून अंगातला सगळा जोर लावून आवळला. मग कपाटातून ड्रिल काढलं. तेवढ्यात गाडीचा मालक आला. गळ्यात चष्मा अडकवलेला, तिशीचा माणूस.

"काका, हे काय? पाटीवर काय लिहिलंय तुमच्या?"

"पाटी आज उतरवतोय. अर्थिंगला भोक पाडावं लागेल. छोटंसं, डिकीच्या कोपऱ्यात, दिसणारसुद्धा नाही."

"पण काल तर त्या बोल्टाला लावणार होतात!"

काकांनी सगळं सांगितलं. खुबा सांगितला, दात सांगितले. माणसाने ऐकून घेतलं, ओठ चावला आणि म्हणाला, "हो, पण माझ्या मागे बसतंय कोण? तिथेच लावून टाका."

"नाही लावणार."

"मग राहू द्या. दुसरीकडून करून घेतो. बिनभोकाचं आता सगळेच करतात."

तो खोका घेऊन, गाडी घेऊन निघून गेला. काका ड्रिल हातात धरून उभेच राहिले. 'आता सगळेच करतात.' सगळ्यांनी ते कुणाचं बघून उचललं होतं, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

दुपारी ते घरी आले ते थेट काकूंच्या किराण्याच्या वहीपाशी. मागच्या कोऱ्या पानांवर गाड्या लिहायला बसले. माणसांची नावं त्यांना कधीच लक्षात राहायची नाहीत, गाड्या मात्र राहायच्या. तासाभराने काकूंनी चष्मा लावून वाचलं.

"पांढरी, मागच्या काचेवर मांजर. करडी, आत नेहमी औषधाचा वास. लाल, सीटखाली लहान मुलाचा एक मोजा, निळा. हिरवी, मालक दोन फोनवर एकदम बोलतो." काकूंनी वही खाली ठेवली. "अहो, हे शोधायचं कसं? मांजराला विचारत जायचं?"

"मग काय करू सांग."

"नंबर कधी लिहून नाही ठेवलेत?"

"वायर कुठून कुठे गेली ते सांग म्हणशील तर प्रत्येकाची सांगतो."

काकूंना बोलायचं बरंच होतं. 'दहादा म्हटलं होतं, बिलबुक करा' हे तर ओठांवरच होतं. पण नवऱ्याचा दाढी राहिलेला एक गाल तसाच पांढुरका दिसत होता, सकाळपासून त्याला त्याची शुद्ध नव्हती. त्यांनी मुकाट्याने वही ओढली आणि बेरीज केली. आठवड्याला दोन धरले तरी नऊ वर्षांत नऊशेच्या वर. वहीत आठवून आठवून सत्तावन्न.

मग काकूंनीच मोबाइलवर मजकूर लिहिला. काकांनी सांगितलेला त्यांनी तीनदा खोडला, कारण काका दर वाक्यात माफी मागत होते आणि बोल्टाचं नाव शेवटी येत होतं. 'वूफरकाकांकडून वूफर बसवला असेल तर मागच्या सीटबेल्टचा बोल्ट लगेच तपासून घ्या. गाळ्यावर या, पाच मिनिटांचं काम, काही द्यायचं नाही. तोपर्यंत मागे कुणाला बसवू नका.' ओळखीच्या प्रत्येकाला तो पाठवला आणि पुढे पाठवा म्हणून हात जोडले.

तो पुढे गेलाही. आठवड्याने त्यांच्याच भाचीकडून त्यांना परत आला, खाली हसणारे चेहरे लावून. 'काकांची नवी जाहिरात भारी आहे' असं कुणीतरी लिहिलं होतं. कुणी विचारलं, सोबत सर्व्हिसिंगही फुकट आहे का? एकाने काकांना फोन करून बजावलं, "अहो, असलं स्वतःच्या हाताने लिहायचं नसतं. नडेल तुम्हाला."

तीन आठवड्यांत अकरा गाड्या आल्या. काकांनी अकराच्या अकरा सीटा स्वतः उचलल्या. सात बोल्ट घट्ट होते. तीन पान्याने अर्धा फेरा फिरले. अकरावा त्यांनी पाना लावायच्या आधी चिमटीत धरून बघितला आणि तो चिमटीतच फिरला. त्या जागेवर पट्टा ओवून लहान मुलाची खुर्ची बांधलेली होती. खुर्चीत बिस्किटांचा चुरा पडला होता.

काका गाडीतून बाहेर आले आणि टायरांच्या थप्पीवर बसले. टायरवाला पाण्याची बाटली घेऊन आला. आज त्याला थट्टा सुचली नाही.

"झाला ना आवळून?"

"झाला."

"मग? अकरा तर वाचले."

"अकरा आले," काका म्हणाले. "न आलेल्यांचं काय?"

शेवटी ते वाहन कचेरीत गेले. रांगेत दीड तास उभं राहून खिडकीशी पोचले. आतल्या माणसाने मान वर न करता विचारलं, "काय पाहिजे?"

"तक्रार द्यायचीय."

"कुणाविरुद्ध?"

"माझ्या."

आता मान वर आली. काकांनी सांगितलं. माणूस वाईट नव्हता, त्याने नीट ऐकलं, मागच्या रांगेला हाताने थोपवून धरलं.

"गाड्यांचे नंबर द्या, पत्र पाठवतो."

"नंबर असते तर मीच घरोघर गेलो नसतो का साहेब?"

"मालकांची नावं?"

काकांनी वही पुढे केली. माणसाने पहिलं पान वाचलं, मांजरापाशी थांबला, वही मिटून परत दिली. "काका, कंपनीचा दोष असला तर आमच्याकडे फॉर्म आहे. गाडी चोरीला गेली तर आहे. तुमच्यासारख्याला नाही हो."

"मग मी कुणाकडे जाऊ?"

"तेच तर म्हणतोय मी," माणूस म्हणाला आणि त्याने मागच्याला पुढे यायची खूण केली.

घरात बसलं तरी सुटका नव्हती. खालच्या रस्त्याने गाड्या जायच्या. काकांचा खोका काकांना ऐकू यायचा. ते प्लायवूड एक सूत जास्त जाड घ्यायचे, आत कापूस ठासायचे, त्यामुळे त्यांचा ठोका आखूड आणि कोरडा पडायचा, दुसऱ्यांसारखा घोंगावायचा नाही. पूर्वी असा ठोका ऐकला की हातातला घास थांबवून ते म्हणायचे, "आपला." आता घास तसाच थांबायचा, काका गॅलरीत धावायचे आणि तोवर गाडी वळणावर दिसेनाशी व्हायची. एकदा तर पायात चप्पल नसताना जिना उतरून ते रस्त्यापर्यंत गेले आणि धापा टाकत परत आले.

"पळून गाडी पकडणार आहात का?" काकू रागावल्या. मग थोड्या वेळाने स्वतःच म्हणाल्या, "पळायचं कशाला? सगळ्या गाड्या जिथे थांबतात तिथे जाऊन उभे राहा की."

म्हणून काका रोज सकाळी मोठ्या चौकातल्या सिग्नलवर उभे राहू लागले. पहिल्या दिवशी काकू सोबत आल्या. त्यांनी पुठ्ठ्यावर ठळक अक्षरांत लिहून आणलं होतं, 'मागच्या सीटबेल्टचा बोल्ट तपासा, फुकट.' लोकांना वाटलं, काहीतरी विकतायत. एकाने काच खाली करून दोन नाणी दिली. काकूंनी पुठ्ठा उलटा करून काखेत मारला, तो पुन्हा काढला नाही.

त्यापेक्षा वाईट वेगळंच होतं. लाल दिवा लागायचा, रांगेत कुठूनतरी तो आखूड, कोरडा ठोका यायचा. काका कान देऊन गाड्यांमधून वाट काढत निघायचे. पांढऱ्या केसांचा माणूस हात हलवत आपल्याकडे येतोय असं दिसलं की आतला माणूस चटकन आवाज बंद करायचा. त्याला वाटायचं, म्हातारा ओरडायला आला. आणि आवाज बंद झाला की पंधरा सारख्या गाड्यांमधली ती कोणती, हे काकांना कळायचं नाही. ते या काचेवर टकटक करायचे, त्या काचेवर करायचे. तोवर दिवा हिरवा व्हायचा, मागचे हॉर्न मारायचे आणि सगळ्या गाड्या निघून जायच्या. सोळा दिवसांत त्यांना तीन गाड्या सापडल्या. त्यातली एकच थांबली.

आज सतराव्या दिवशी मधल्या रांगेतून ठोका आला. काका निघाले आणि आवाज तुटला. पण या वेळी त्यांनी गाडीची मागची काच थरथरताना बघितली होती. राखाडी गाडी, डावीकडून दुसरी. दिव्याशेजारच्या आकड्यात बावीस सेकंद दिसत होते. त्यांनी काच वाजवली. ती अर्धी खाली आली.

"कमी केला ना काका आवाज! आता अजून काय?"

"वाढवा हो, खुशाल वाढवा, मला त्याचं काही नाही. हा वूफर पत्र्याच्या गाळ्यात बसवलेला आहे का? टायरवाल्याशेजारी?"

"काय माहीत. गाडी जुनी घेतलीय, आधीच होता." माणसाने आकड्याकडे बघितलं. "का? चोरीचा आहे का?"

"नाही, नाही."

मागच्या सीटवर एक बाई होती आणि तिच्या शेजारी शाळेच्या कपड्यातली मुलगी. मुलीने पट्टा लावला होता आणि एका हाताने तो खेळत खेळत ओढून सोडत होती. काकांना तिच्या पट्ट्याचं खालचं टोक सीटच्या फटीत जाताना दिसलं, त्याच्या पुढचं दिसत नव्हतं. आकडा नऊवर आला. मागून एकाने आधीच हॉर्न दाबला. नऊ वर्षं, खुबा, वही, मुलाची खुर्ची, सगळं एकदम काकांच्या ओठांशी आलं, आणि ते सांगायला वेळ नव्हता. त्यांनी दोन्ही हातांनी काचेची कड धरली.

"पाच मिनिटं गाडी बाजूला घ्या," ते म्हणाले. "मागच्या सीटखाली पट्ट्याचा एक बोल्ट आहे, तेवढा मला आवळू द्या."